हाल्डेच्या हंसांच्या ओळखीचा माणूस

प्रबुद्ध गजभियेची नोकरी थोडक्यात सांगायची तर हंस मोजण्याची. थोडक्यात सांगितली की लोक हसत. म्हणून तो सविस्तर सांगायचा, आणि मग लोक ऐकेनासे होत.

दर हिवाळ्यात काळ्या मानेचे, पांढऱ्या तोंडाचे रानटी हंस ग्रीनलंडहून स्कॉटलंडच्या पश्चिमेला असलेल्या हाल्डे बेटावर उतरत. शेतकऱ्यांनी गुरांसाठी राखलेलं गवत मुळापर्यंत कुरतडत आणि उरलेल्या जमिनीचा हिरवट चिखल करून ठेवत. पूर्वी ते मोजकेच होते, तेव्हा सरकारनं त्यांना संरक्षण दिलं. दुर्दैवानं ते लागू पडलं. आता ते इतके झाले होते की त्याच संरक्षणाला पोटकलम जोडून, परवानाधारक नेमबाजांनी दरवर्षी काही हंस मारावेत असं ठरलं होतं. किती मारायचे ते मोजणीवरून ठरे. आणि मोजणीला एडिनबराच्या ऑफिसातून प्रबुद्ध येई.

“म्हणजे तू मारतोस,” त्याची आई रंभाबाई फोनवर म्हणाली होती.

“नाही गं आई. मी मोजतो. मारतो तो रॉडी.”

“कुणाच्या सांगण्यावरून?”

“कॉम्प्युटरवरच्या मॉडेलच्या.”

“आणि मॉडेल कुणी केलं?”

इथे नेटवर्क गेलं. बेटावर ते तसंही धड नसे. त्या वेळी मात्र प्रबुद्धनं त्याला थोडी मदत केली.

रंभाबाई नागपुरात शाळामास्तरीण होत्या; आता लंडनजवळ एजवेअरला लेकीकडे राहत आणि रविवारी भाड्याच्या हॉलमध्ये बुद्धवंदना घेत. पंचशील त्यांच्या तोंडून ऐकतच प्रबुद्ध वाढला. प्राणिहत्येपासून अलिप्त राहीन, हे पहिलं. मटण त्यात बसतं की नाही हा वाद त्या घरात फार जुना होता आणि रविवारी दुपारपुरता तहकूब असे. पण बंदुकीला प्रबुद्धनं कधी हात लावला नव्हता. त्यासाठी त्यानं एक रीतच पाडली होती. मोजणी झाली की दुपारची बोट पकडायची. दुसऱ्या दिवशी पहाटे बंदुका निघत, तेव्हा तो एडिनबरात टोस्टला लोणी लावत असे.

अशी काही वर्षं सुरळीत गेली. मग एका ऑक्टोबरात त्यानं नेहमीच्या शेतापाशी गाडी थांबवली आणि आवाज बंद झाला.

हे हंस कधी गप्प बसत नाहीत. खाताना, उडताना, भांडताना त्यांचं कुत्र्याच्या पिल्लांसारखं भुंकणं चालूच असतं. ते एकदम थांबलं. अख्ख्या शेतातल्या काळ्या माना वर झाल्या आणि त्याच्याकडे वळल्या. मग सगळा थवा एकाही पक्ष्यानं आवाज न काढता उठला. ऐकू आले ते फक्त पंख, ओली चादर झटकावी तसे. टेकडीपलीकडे तेही विरले.

गरुड असेल, असं त्यानं स्वतःला समजावलं. आकाशात गरुड नव्हता. पुढच्या शेतात तेच झालं. त्याच्या पुढच्या शेतातही. संध्याकाळी रॉडी आपला पिकअप घेऊन आला, मागे बंदुका दिसत होत्या, आणि हंस त्याच्या चाकांशेजारी निवांत चरत राहिले.

रॉडी हा बेटावरचाच. मेंढ्या पाळायचा, सीझनला परवान्यावर हंस मारायचा. बोलणं मोजकं.

“तुझी गाडी ओळखतात,” तो म्हणाला.

प्रबुद्धनं गाडी बदलली. हंस उठले. त्यानं जॅकेट बदललं. हंस उठले. शेवटी त्यानं रॉडीचा पिकअप घेतला, रॉडीची टोपी घातली, कुत्र्याचा आणि दारूगोळ्याचा वास मारणारा रॉडीचा कोट चढवला आणि कुंपणाशी जाऊन उभा राहिला. माना वर झाल्या. शांतता. पंख.

रॉडी मात्र प्रबुद्धचं पिवळं जॅकेट घालून थव्यातून सरळ आरपार चालत आला. हंसांनी बाजूला सरून वाट दिली.

“लग्नाला आलेल्या पाहुण्यासारखं वागवलं मला,” तो म्हणाला. हसला नाही. मग म्हणाला, “मी वर्षभर इथेच असतो. कधी गोळी घालतो, कधी नुसता कुंपण दुरुस्त करतो. तू आलास की मात्र दुसऱ्या दिवशी नक्की. त्यांचं काही चुकतंय असं मला नाही वाटत.”

मोजणी व्हायची तशीच झाली. जे उडून गेले ते मोजता आले नाहीत. कागदोपत्री बेटावरचे हंस एका वर्षात निम्म्यावर आले, आणि नियम स्पष्ट होता: आकडा इतका खाली गेला तर त्या हिवाळ्यात एकही हंस मारायचा नाही. प्रबुद्धनं नुसतं गप्प राहायचं होतं. हंस वाचणार होते.

पण आकडा खोटा होता, हे जगात दोघांनाच ठाऊक होतं. असत्य बोलण्यापासून अलिप्त राहीन, हे चौथं. पाचांतली दोन शीलं अशी एकमेकांच्या अंगावर धावून जातील, याची सूचना हॉलमध्ये कुणी दिली नव्हती. त्यानं आईला फोन लावला आणि सगळं सांगितलं.

“खरं बोललो तर मरतात. खोटं बोललो तर जगतात. यातलं कुठलं पाळू?”

“बुफे आहे का तो, आवडेल ते ताटात घ्यायला?”

“आई, प्लीज.”

“खरं सांग. आणि सांगून झालं की पळ काढू नकोस. दरवेळी बोटीत बसतोस ना, ते बंद कर. जे होईल ते उभा राहून बघ.” मग त्या म्हणाल्या, “आणि अरे, ते बघतात कसे रे तुझ्याकडे?”

“एका डोळ्यानं. मान वळवून.”

“मग मोजतच असतील,” रंभाबाई म्हणाल्या आणि त्यांनीच फोन ठेवला.

त्यानं व्हिडिओ मीटिंगमध्ये सांगून टाकलं. हंस मला टाळतात, माझा आकडा धरू नका. सगळ्यांनी एकदम, फार सौजन्यानं, त्याच्या तब्येतीची चौकशी केली. फेरमोजणीला ऑफिसातल्या ईशिताला पाठवलं. ईशिता जन्मली, वाढली इंग्लंडातल्या ब्रॅकनेलला. मराठी तिला आजीनं दिलेलं आणि तिनं आपल्या सोयीनं वापरलेलं.

बेटावरच्या खोलीत थांबलेल्या प्रबुद्धला तिनं शेतातूनच फोन केला. “प्रबुद्धदादा, माझी काउंट फुल आला. सगळे गीज बसलेली होते. Literally कोणी हललं नाही. तू जरा क्रीपी आहेस, no offence.”

आकडा मागल्या वर्षीपेक्षा वर गेला. त्याबरोबर मारायची मर्यादाही वर गेली. प्रबुद्धच्या खरेपणाची किंमत हंसांच्या खात्यावर पडली.

या वेळी त्यानं बोट सोडून दिली. त्याच्या डोक्यात एक योजना होती आणि तो ती रॉडीपासून लपवू शकला नाही: बंदुकांच्या आधी आपण शेतात जायचं. आपल्याला बघून ते उठतीलच. हंसांना हुसकावणं हे सरकारी आराखड्यात मान्य होतं. तो परिच्छेद त्यानंच लिहिला होता.

“तू उठवलेस की ते शेजारच्या शेतात बसतील,” रॉडी म्हणाला. “मी तिथे जाईन.”

“मग मीही तिथे येईन.”

“थकशील.”

पहाट फुटली तेव्हा शेतावर गुडघाभर धुकं होतं. दगडी गडग्यामागे रॉडी आपली बंदूक घेऊन बसला होता. प्रबुद्धनं फाटक उघडलं आणि तो आत शिरला. भुंकणं थांबलं. धुक्यातून माना वर आल्या, शेताच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. तो पंखांच्या आवाजाची वाट बघत चालत राहिला.

पंख वाजले नाहीत.

तो शेताच्या मध्यावर येऊन थांबला. हात वर केले, टाळ्या वाजवल्या. एकही उडाला नाही. मग सगळ्यात जवळचा हंस एक पाऊल पुढे आला. त्याच्या मागचाही. सगळं शेत हळूहळू, आवाज न करता, चालत त्याच्याकडे येऊ लागलं. गवत घासल्याचा तेवढा आवाज होता. ते त्याच्या पायांशी आले, मागून आले, एकमेकांना खेटून उभे राहिले. धुक्यात त्याला आपले बूट दिसेनात. पोटऱ्यांना त्यांची ऊब लागत होती.

“बाजूला हो!” गडग्यामागून रॉडी ओरडला. “तू मध्ये आहेस!”

प्रबुद्धला ते कळत होतं. एक पाऊल टाकायचं तर कुणावर तरी पाय पडला असता.

“जा रे,” तो हलकेच म्हणाला. “जा. उडा.”

हंसांनी माना खाली घातल्या आणि ते चरू लागले. एकानंच मान वर ठेवली होती. तो मान वळवून एका डोळ्यानं, पापणी न लववता, त्याच्याकडे बघत होता. सरकारी नोकरीत इतक्या वर्षांनी आपला कुणाला तरी थेट उपयोग होतोय, हे प्रबुद्धच्या लक्षात आलं. तो उपयोग कधी संपणार आणि ते कोण ठरवणार, हे मात्र त्याला कुणी विचारलं नव्हतं.

गडग्यामागे बंदुकीतली काडतुसं काढल्याची खटखट झाली.

“किती वेळ उभा राहणार आहेस तू?” रॉडीनं विचारलं. त्याचा आवाज नेहमीपेक्षा खाली आला होता.

प्रबुद्धनं मागे न बघता सांगितलं, “ते जाईपर्यंत.”

ते एप्रिलमध्ये जातात.