साडूंचं नाक

माझ्या साडूंइतका मन लावून घाबरणारा माणूस रायगडच्या अख्ख्या किनाऱ्यावर दुसरा सापडायचा नाही. बाकीचे लोक घाबरतात आणि मग आपापल्या कामाला लागतात. साडू मात्र घाबरणं हेच काम समजून, सकाळी आंघोळ-पूजा आटोपून त्याला बसतात. मी मुरुडला राहतो आणि ते खाडीपलीकडे, दिघीजवळच्या एका वाडीत. आगरदांड्याला फेरीबोटीत बसलं की चहा निवेपर्यंत पलीकडे उतरता येतं, पण साथीच्या दिवसांत त्या खाडीचा त्यांना केवढा आधार वाटे! मुंबईहून येणारा आजार निम्म्या वाटेत बुडून मरेल अशी त्यांची कल्पना असावी. फोनवर मी नुसता खोकलो तरी पलीकडे क्षणभर शांतता पसरायची आणि मग त्यांचा आवाज दबून यायचा, कारण तेवढ्यात त्यांनी मास्क चढवलेला असायचा. माझी थोरली मेहुणी, म्हणजे आमची ताई, मागून ओरडायची, "अहो, तो मुरुडात खोकतोय!" त्यावर साडू म्हणायचे, "वारा कुठला आहे ते बघितलंस का?"

लस घ्यावी की नाही, हेसुद्धा त्यांनी परस्पर ठरवलं नाही. मोठं काही ठरवायचं झालं की त्यांच्या गावात देवाचा कौल घेतात. मूर्तीला दोन्ही बाजूंनी सुपारी चिकटवायची, उजवी आधी पडली की होकार. साडूंनी आपल्याच बागेतल्या निवडक सुपाऱ्या नेल्या, उजवी पडली, आणि त्यांनी एक डोस घेतला, पुढे दुसराही घेतला. नंतर काही दिवस ते असे छाती काढून फिरत होते, की ताईला वाटलं, आता घर निवांत झालं. तेवढ्यात टीव्हीवर बातमी आली: नवा व्हेरियंट आलाय, लस घेतलेल्यांनाही होतो. साडू थेट देवळात. गुरव म्हणाला, "एकच गोष्ट देवाला दोनदा इचारायची न्हाय, भाऊ." साडू उसळले, "एकच कशी? विषाणू बदललाय!" गुरवानं डोकं खाजवलं आणि शांतपणे सांगितलं, "मग या नव्याचं देवालाबी अजून काय कळलेलं न्हाय. थोडं थांबा."

देवालाच कळलेलं नाही म्हटल्यावर साडू सरकारी दवाखान्यात गेले. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी त्यांना समजावलं, की लस घेतली तरी आजार होऊ शकतो, पण बहुधा सौम्य होतो. "सौम्य म्हणजे किती?" "म्हणजे फार त्रास होत नाही." "पण होतो?" "होऊ शकतो." "म्हणजे नाहीही होणार?" "नाहीही होणार." साडू मला म्हणाले, "साडूबुवा, एवढं शिकलेलं माणूस, पण एका बाजूला राहात नाही हो." खरं सांगायचं तर गोंधळ एकट्या त्यांचा नव्हता. मुरुडच्या बाजारात आम्ही सगळे सकाळी मास्क लावून घाबरत होतो आणि दुपारी तोच मास्क हनुवटीवर ओढून भजी खात होतो. उलट साडूंना विषय माझ्यापेक्षा जास्त समजला होता. पावसाळ्याआधी ते सुपारीवर औषध फवारतात, तरी एखाद्या साली रोग येतोच, पण बाग मरत नाही. तसंच लसीचं, असं त्यांनीच मला दिवसाढवळ्या स्वच्छ समजावलं होतं. संध्याकाळी बातम्या लागल्या की हा सगळा समजूतदारपणा मावळायचा.

मग त्यांनी स्वतःची तपासणी शोधून काढली. त्यांच्या बागेच्या कुंपणाला लागून कोळीवाडा आहे, आणि अगदी कुंपणाशी हिराबाय नावाच्या कोळणीचं अंगण. त्या अंगणात बांबू रोवून, दोऱ्या ताणून ती बोंबील वाळवते. साडूंच्या घरात मासळी चालत नाही. लग्न झाल्यापासून त्यांचं आणि हिराबायचं या वासावरून भांडण. ग्रामपंचायतीत अर्ज देऊन झाले, खिडक्या बुजवून झाल्या. "वास नको त दर्याला सांगा, मना काय सांगता?" हे तिचं ठरलेलं उत्तर. पण वास गेला की आजार आला, असं कानावर पडल्यापासून साडूंनी बुजवलेली खिडकी पुन्हा उघडली. रोज सकाळी गजांना नाक लावून ते बोंबलाचा वास घ्यायचे, तोंड वाकडं करायचे आणि समाधानानं म्हणायचे, "येतोय. चहा टाक." मी विचारलं, "अगरबत्तीचा का नाही घेत?" तर म्हणाले, "अगरबत्तीचा वास आवडीचा. तो नाकाला येतो की नुसता आठवतो, सांगता यायचं नाही. नकोसा वास कोणी आठवणीनं घेत नाही. तो आला म्हणजे खरा." घरी आल्यावर मीही गुपचूप हिंगाची डबी हुंगून बघितली.

त्याच दिवसांत त्यांच्या लेकीचा फोन आला. तिचं बाळंतपण मुंबईत झालं होतं. ताई तिकडे जाऊन राहिली होती, पण साडू गेले नव्हते; "मी वाटेत काहीतरी गोळा करून पोरीला नेऊन द्यायचो," असं म्हणून त्यांनी नातीचं तोंड फक्त फोनवर पाहिलं होतं. आता जावयाला परदेशात नोकरी लागली होती, आणि विमानं पुन्हा बंद होतील या धास्तीनं त्यांनी तिकिटं अलीकडच्या तारखेची घेतली होती. निघण्याआधी एक दिवस नातीला आजोळ दाखवून लगेच परत फिरायचं, असं ठरलं. साडूंनी पाळण्याला नवी दोरी बांधली. बागेतल्या गड्याला शिंक आली तर त्याला सुट्टी दिली. आम्ही नवराबायकोही आदल्या दिवशी स्कूटरवरून पलीकडे गेलो.

त्या सकाळी साडूंनी खिडकीला नाक लावलं आणि ते तसेच उभे राहिले. मग दुसऱ्या खिडकीशी गेले. परत आले तेव्हा चेहरा पांढराफटक. "तुमच्या ताईला सांगा," मला लांबूनच म्हणाले, "वास येत नाही." आणि सुपारी साठवायच्या खोलीत जाऊन त्यांनी आतून कडी घातली. मेडिकलमध्ये घरी तपासायचं किट मागायला मी धावलो, तर सगळ्या गावानं ती आधीच नेलेली. खिडकीतून मी त्यांना कापूर दिला, कांदा फोडून दिला. सगळ्याचा वास येत होता. पण एवढ्यानं त्यांची खात्री पटेना. "बोंबलाचा नाही ना येत?" कुंपणाला झावळ्या बांधलेल्या, त्यामुळे पलीकडचं अंगण दिसत नव्हतं; मीही बाहेर जाऊन हुंगून पाहिलं तर मलाही येईना. आता घाबरायची पाळी माझी होती, आणि बायकोनं मलाही व्हरांड्याच्या कडेला बसवलं.

लेक आली, जावई आले. साडूंनी खोलीच्या गजांतून नात पाहिली. लेक बाळाला घेऊन पुढे आली की ते आतून ओरडायचे, "लांब! लांब धर तिला!" लेक आधी हसली, मग चिडली, मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "बाबा, पुन्हा कधी येणं होईल मला माहीत नाही." "म्हणूनच म्हणतो," साडू म्हणाले. जेवणं झाली, बारकीला न्हाऊमाखू घालून झालं, ओटी भरली, आणि फेरीची वेळ गाठायला गाडी निघूनसुद्धा गेली. ताई पाळण्याची नवी दोरी सोडत बसली.

तेवढ्यात हिराबाय कुंपणापाशी आली. "गेली का ओ लेक? मी म्हटला, नात बघून घेवा." साडू आत का बसलेत हे ताईनं तिला सांगितलं, तशी तिनं कपाळावर हात मारला. "अवो, वास येल कसा? कालच मी सगले बोंबील काडून पलीकरं भावाच्या अंगनान टाकलं. लेकरू पयल्यांदा आजोलाला येतंय, त्याच्या नाकान वास नको जायला. रोज तुमी मना बोलता, म्हटला एक दिस तरी गप ऱ्हाव."

आत कडी वाजली. साडू बाहेर आले, माझ्या स्कूटरवर मागे बसले आणि धक्का येईपर्यंत माझा खांदा दाबत राहिले. आम्ही दिघीला पोचलो तेव्हा फेरीबोटीची फळी उचलायच्या बेतात होती. धोतर सावरत ते गाड्यांमधून धावले, आणि स्कूटर धक्क्यावरच सोडून मीही मागोमाग बोटीत चढलो. लेकीनं त्यांना पाहिलं आणि बाळ त्यांच्या हातांत दिलं. बाळ झोपलेलं होतं. साडू गाडीच्या सीटवर मांडी घालून बसले, तोंडावर मास्क तसाच, आणि अख्खी खाडी ओलांडेपर्यंत नुसते तिच्याकडे बघत राहिले. आगरदांड्याला बोट लागली तेव्हा जावयांना हळूच म्हणावं लागलं, "बाबा, निघायला हवं."

परतीच्या बोटीत आम्ही दोघेच कठड्याशी उभे होतो. ते म्हणाले, "साडूबुवा, लस घेतली होती, मास्क होता, नाकही ठीक होतं. मी तिला घेतलं ते चुकलं नाही ना?"

"छे, मुळीच नाही."

"मग सकाळपासून घेतलं नाही, ते?"

ते चुकलं असं मला म्हणवेना, कारण खोलीत बसलेला तो माणूस स्वतःच्या जिवाला घाबरून बसला नव्हता, हे मी दिवसभर पाहिलं होतं. ती पोर आता तिकडे शाळेत जाते, फोनवर आजोबांना काय काय दाखवते, आणि साडू मान हलवत ऐकतात. पण त्यांच्या मांडीवर ती झोपली ती तेवढीच, एका फेरीपुरती, आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं.