आमटी वाढायचा वार

रत्ना मॅडमना एका जागी बसलेलं कुणी पाहिलेलं नाही. निरगुडसरकडच्या एका वाडीतल्या शाळेत त्या सातवीला शिकवतात, पण खुर्ची आपली पर्स ठेवण्यापुरती. फळा, व्हरांडा, नळ, पुन्हा फळा. मॅडमच्या पायाला भिंगरी आहे, असं पोरं म्हणतात. बाई मूळच्या डोंगरातल्या मढ गावच्या, भातखाचरांतून वाढलेल्या. शिकायला नारायणगावला आल्या तेव्हा बाकावरच्या मुली 'रानातली आली' म्हणून लांब सरकल्या होत्या. ते सरकणं त्या कधी विसरल्या नाहीत.

म्हणूनच इथं दुपारी वरच्या आळीची पोरं ओट्यावर आणि बौद्धवस्तीची पोरं झाडाखाली जेवताना बघून त्यांचं डोकं फिरलं. कुणी बसवलं, विचारलं, तर म्हणे आपोआप! आपोआप कसलं, घरून शिकून आलेलं. मॅडमनी भाषण ठोकलं नाही. सातवीच्या पोरापोरींना वाढायचे वार लावून दिले. डोक्याला रुमाल, कापलेली नखं, आणि सगळ्या शाळेला आपल्या हातानं वाढायचं. लगेच वरच्या आळीतून घरचे डबे यायला लागले. मॅडम त्या घरांत गेल्या, भांडल्या, चहा प्यायल्या, पुन्हा भांडल्या. डबे बंद व्हायला बराच काळ गेला, पण शेवटी एकच पंगत बसली. आयुष्यात एवढं एक काम आपण धड केलं, असं त्या म्हणायच्या. खोटं नव्हतं ते.

मग एका गुरुवारी मंगलताईंचा फोन आला. या गावातल्या मोठ्या बागायतदारीण, मनानं मोकळ्या, शाळेनं हाक मारली की धावणाऱ्या. सासूबाईंच्या वर्षश्राद्धानिमित्त शुक्रवारी त्या सगळ्या पोरांना जेवण घालणार होत्या. लापशी, आमटी, भात.

"मॅडम, आमी काय तसलं मानीत न्हाई," त्या म्हणाल्या, "पण सासरे पोरांच्या पंगतीला बसणार हायेत. शुक्रवारी आमटीला ती बौद्धवस्तीतली प्रतीक्षा असती ना? तेवढा एक दिवस तिला नका लावू. जुनं माणूस, त्यात श्राद्धाचं जेवण. समजून घ्या."

'मानीत नाही' म्हणणाऱ्यांचं सगळं मानणं त्या 'पण'च्या पुढे असतं. सुंभ जळतो, पीळ जळत नाही. मॅडमना हे पाठ होतं. तरी तोंडातून निघालं, "बघते."

त्या 'बघते'नं त्यांची संध्याकाळ खाल्ली. स्वयंपाकघर ते अंगण, अंगण ते स्वयंपाकघर. दूध उतू गेलं, ते पुसायचंही सुचलं नाही. नाही म्हणावं तर वरची आळी दुखावणार, बंद झालेले डबे पुन्हा निघणार. हो म्हणावं तर त्या पोरीला काय तोंड दाखवायचं? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं! शेवटी त्यांना एक युक्ती सुचली, आणि सुचली म्हणून बरंही वाटलं. तिथंच बाई चुकल्या.

सकाळी प्रतीक्षा रुमाल बांधून, नखं दाखवायला हात पुढं करून उभी.

"प्रतीक्षा, आज आभार तू मानायचे. माइकवर," मॅडम म्हणाल्या. "आमटी स्नेहल वाढेल."

"आज माझा वार हाय, मॅडम."

"अगं, आभार म्हणजे मानाचं काम. तुझा आवाज खणखणीत आहे."

"मग वाढून झाल्यावर मानते की आभार. दोनी करते."

"सांगितलं तेवढं कर," असं म्हणून मॅडम तरातरा नळाकडे गेल्या, तिथं काही काम नसताना. पोरीनं रुमाल सोडला.

पंगत झकास झाली. वरच्या आळीतली स्नेहल बादली आणि ओगराळं घेऊन फिरली, मंगलताईंच्या सासऱ्यांनी आमटी मागून घेतली. प्रतीक्षा जेवून माइकपाशी जाऊन थांबली. मॅडम ताटावर बसल्याच नाहीत. याला चटणी दे, त्याला पाणी दे, असं करत फिरत राहिल्या. हात धुवायला सोडलं की पोरं पळतात, म्हणून पंगत उठायच्या आधीच आभार ठरले होते.

प्रतीक्षानं मंगलकाकूंचे आभार मानले. आजोबांचे, वाढणाऱ्यांचे मानले. मग म्हणाली, "आणि आमच्या मॅडमचे आभार. त्यांनी आज माझा वार काढून घेतला आणि मला हे मानाचं काम दिलं. आमाला बाजूला करायचं असलं की लोक आधी मान देत्यात, असं माझी आई म्हणती. मॅडमबी देतील, हे ठाव नव्हतं."

मंगलताईंनी मान खाली घातली. म्हातारा सुनेकडं बघत ताटावरून उठला. कुणीतरी घाईनं टाळ्या वाजवल्या, आणि पोरं हात धुवायला पळाली.

मॅडमना भर मैदानात रडू फुटलं. त्यांनी एक ताट उचललं, सगळ्यांसमोरून प्रतीक्षाकडं गेल्या आणि आमटीची बादली तिच्यापुढं सरकवली. "चुकलं माझं, पोरी. मी जेवले नाही अजून. मला वाढ."

प्रतीक्षानं बादलीत डोकावून पाहिलं. ओगराळ्याला हात लावला नाही.

"तुमी तर दर शुक्रवारी खाता माझ्या हातचं, मॅडम," ती म्हणाली. "ज्यांना वाढायचं व्हतं, ते उठले."