कच्च्या वहीचं नाव

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. पलसाण्याच्या डाइंग मिलमधली ती कच्ची वही मीच फाडून बॉयलरमध्ये टाकली.

मी तिथे हजेरी मास्तर होतो. आम्हा खानदेशी माणसांत एक रीत होती. कुणाला गावी जायचं असलं, की दुसरा त्याच्या कार्डावर पाळी करायचा. पक्क्या रजिस्टरात कार्डवाला हजर दिसायचा. प्रत्यक्षात कोण आलं, ते मी कच्च्या वहीत लिहायचो. शेठला पत्ता नव्हता.

आमच्याच गावच्या एका कामगारावर मिलपासून लांब, उधन्यात झालेल्या मारहाणीचा गुन्हा लागला. मारहाण झाली त्या दुपारी तो माझ्यासमोर मशीनवर होता, पण दुसऱ्याच्या कार्डावर. पोलीस जमादार चौकशीला आला. त्यानं कच्ची वही चाळली आणि माझ्याकडे फेकली. "ये कच्चा रहने दे. पक्का दे." पक्क्यात तो गैरहजर. तेवढंच पान चार्जशीटला लागलं.

मग त्याचा वकील आला. "मास्तर, पोलिसांनी केस ज्या कागदांवर उभी केली, तेवढ्यांच्याच नकला मला मिळाल्यात. बाकीचं कोर्टाकडून मागवता येईल, पण कोणता कागद ते सांगावं लागतं. बदलीची काही नोंद असते का?"

"वकीलसाहेब, इथे कपडा रंगवतात. कागद तुम्ही कोर्टात रंगवा," मी म्हणालो. आजूबाजूचे हसले. वही टेबलाच्या खणात होती, माझ्या गुडघ्यापासून वीतभर.

दुसऱ्या दिवशी त्या कामगाराची बायको गेटवर आली. "भाऊ, तुम्हीन त्याले मशीनवर देखेल शे ना?"

"इतक्या माणसांत कुठं ध्यानात राहतं, वहिनी?"

"मना लगीनमा कोण रुसनं, ते बरं ध्यानमा शे तुमले!" एवढं बोलून ती वळली. त्याच दुपारी मी वही जाळली.

बदलीवाल्या सगळ्यांच्या नोकऱ्या वाचवल्या, असं स्वतःला सांगत आलो. वाचवायची होती ती माझी.

त्याला शिक्षा झाली. अपील हायकोर्टात पडून आहे आणि तो जेलमध्ये. वकिलाचं ऑफिस मला माहीत आहे. दोनदा जिन्यापर्यंत जाऊन परत आलोय.

तो त्या दुपारी मशीनवर होता आणि वही मी जाळली, हे मी शपथेवर सांगायला हवं. तेवढं मी त्याचं देणं लागतो. अजून दिलेलं नाही.