नंबर टाकलेली झाडं

"गप. बुलबुल काय म्हंतो, ऐका." असं म्हणून रानाच्या राखणदारांनी बोट वर केलं, की आम्ही दोघं जागच्या जागी थबकायचो. आंबेगावच्या पश्चिमेकडच्या रानात ते रोजंदारीवर राखण करायचे, आणि मी तिथं वनखात्याकडून झाडमोजणीला गेलो होतो.

राखायचा होता नरक्या. तुमच्या वाटेत आला असता तर तुम्ही ढुंकूनही न बघता पुढं गेला असता, इतकं साधं झाड. पण कर्करोगावरच्या औषधासाठी त्याचं लाकूड चोरून जातं, म्हणून रानात थोडेच उरलेत.

"बुलबुल बघा, टीचभर जीव. घरट्यापाशी कुनी आलं की रान डोक्यावर घेतो. म्हनून गावोगाव टिकला. नरक्या कुऱ्हाड बसली तरी गप. लई गरीब जात, भाऊ."

साहेबांच्या हुकमानं मी प्रत्येक नरक्यावर पांढऱ्या रंगानं नंबर टाकत होतो. तिसऱ्या दिवशी राखणदारांनी माझा ब्रशच धरला. "चोराला पत्ता कशापायी देताय?" मी हसलो. त्या शहाणपणाची आजही लाज वाटते.

आठवड्याभरात एका सकाळी वरच्या अंगाला बुलबुल कलकलले. राखणदार धावत सुटले, मी धडपडत मागं. पोचलो तेव्हा पाच ओले बुंधे उरले होते. पाचही नंबरवाले. नंबर टाकायचे राहिलेले दोन नरक्या शेजारीच शाबूत उभे होते.

ते कोयत्याच्या पाठीनं बाकीच्या झाडांवरचे नंबर खरवडायला लागले. मीही दगड उचलला. अंधार पडेस्तोवर आम्ही सगळे नंबर काढले.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. "सरकारी खुणा कोणी पुसल्या?" माझ्या नखांत पांढरा रंग होता. मी हात खिशात घातले.

"म्या," ते म्हणाले.

त्याच दिवशी त्यांना कामावरून काढलं.

यंदा पिंपरी पेंढारला एका द्राक्षबागेत ते अचानक दिसले. हातात पत्र्याचा डबा आणि काठी. बुलबुल घडांवर बसू नयेत म्हणून दिवसभर डबा बडवायचं काम. मी जवळ गेलो. "चुकलं माझं. मी बोलायला हवं होतं."

त्यांनी काठी थांबवली. मग म्हणाले, "त्या झाडांना आता कोन हाय?"

तेवढ्यात एक बुलबुल वेलीवर उतरला. त्यांनी मान फिरवली आणि तो उडून जाईपर्यंत डबा बडवला.