एकूण एक नमस्कार आणि चुडाव्याची फेरी

फुकटच्या व्हिडिओचा खरा खर्च असा: परभणी-चुडावा येणं-जाणं, पूर्णा स्टेशनावरची भजी आणि एक अख्खा रविवार. बायकोची नाराजी वेगळी.

मी परभणीत शिकवतो. मोबाईल दुरुस्त करत करत डी.एड. झालो, त्यामुळं पालकांचा व्हॉट्सॲप गट माझा लाडका. मुलींच्या नांदेडच्या मुक्कामी विज्ञान शिबिराचा व्हिडिओ टाकला. सहा मिनिटांचा, माझ्याच आवाजात. खाली एकूण एक पालकाचा नमस्कार. शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांना फोन दाखवत म्हणालो, "प्रतिसाद म्हणतात तो हा."

संमती मात्र एकीची अडकली. स्वाती मामाकडे राहून शिकते, आईवडील चुडाव्याला. नावं सोमवारी जाणार, फोन लागेना. गाडी धरली.

जाणाऱ्यांनी तिकीट काढतानाच विचारावं, चुडाव्याला प्रत्येक गाडी थांबत नाही. डब्यात समोर दोघी बोलत होत्या.

"आता मोबाईलवर समदं घरबसल्या व्हतंय म्हनं."

"मंग तू कुठं निघालीस?"

मी खिडकीबाहेर पाहू लागलो.

स्वातीच्या वडिलांनी, मारोतरावांनी, पाण्याचा तांब्या पुढं केला. "सर, तुमी कशाला तरास घेतला? नमस्कार टाकला होता की."

"व्हिडिओ पाहिला का?"

"गुरुजीचं काई आलं की आधी हात जोडायचे. बगायचं मंग निवांत."

रविवारची घरी आलेली स्वाती दाराला टेकून जमिनीकडं बघत होती. चुलीपासून तिची आई म्हणाली, "मी इचारलं होतं सरला. रातच्याला पोरींजवळ बाई कोन ऱ्हाणार? बोलून पाठवलं. सरनी नुसते हात जोडले. जबाब न्हाई म्हंजे बाई न्हाई, आसं समजले."

फोन काढला. त्यांचा आवाज न ऐकलेला, खाली माझा नमस्कार. स्वातीनं बोट लावलं आणि तोच प्रश्न घरभर घुमला.

"दोन मॅडम मुक्कामी आहेत," मी म्हणालो. "व्हिडिओत सांगितलंय ते."

"आन् मी ह्याच्यात," त्या म्हणाल्या. मग भाकरी उलटवत, "जाऊ द्या पोरीला."

स्वाती पिशवी शोधायला गेलीसुद्धा.

ज्वारीची गरम भाकरी, ठेचा, वर दही. अशी खाणावळ परभणीत कुठं सापडली तर मला कळवा. आता आलेले आवाज मी आधी ऐकतो, माझा मागून पाठवतो.

घरी येऊन गट पुन्हा उघडला. व्हिडिओ सहा मिनिटांचा. शेवटचा नमस्कार तो टाकल्यावर तिसऱ्या मिनिटाला आला होता.