ताईच्या दिरांचा किल्ला

माणसाच्या शरीरातून नकळत निघणाऱ्या यच्चयावत आवाजांचा माझ्या ताईच्या धाकट्या दिरांइतका खोल विचार अख्ख्या रायगड जिल्ह्यात कुणी केला नसेल. शिंक, उचकी, जांभई, पोटातली गुरगुर, गुडघ्याची कटकट, यांतल्या प्रत्येकावर त्यांचं स्वतंत्र मत होतं आणि ते मत ते जेवणाच्या पंगतीतसुद्धा मांडत. रोह्याला कंपनीत ते ऑपरेटर होते. शिफ्टभर यंत्रांच्या धडधडाटात उभं राहून माणसाचे कान बधिर होतात; यांचे उलट तिखट झाले होते. घरी आले की दोन खोल्यांपलीकडे कुणी चोरून शेव खाल्ली तरी ते इथून विचारत, "संपली की आहे अजून?"

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीच्या वर्षांत बोटीवर नोकरी करणाऱ्या त्यांच्या एका मित्राने त्यांना परदेशातून एका खेळाचं जाडजूड इंग्रजी पुस्तक आणून दिलं. पट नाही, पत्ते नाहीत. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं आणि "आता मी असं करतो" म्हणायचं. जमलं की फसलं ते फाशाने ठरवायचं. दिरांनी डिक्शनरी घेऊन पुस्तक वाचून काढलं, त्यातले राक्षस वगळले आणि आपला एक डोंगरी किल्ला उभा केला. खेळाला वीस बाजूंचा फासा लागे. तो माझ्या मित्राने, पेणजवळच्या जोहे गावच्या मूर्तिकार विठूने, शाडूचा करून दिला. हयातभर गणपती घडवलेल्या त्या हातांनी फाशालाही किंचित पोट दिलं होतं, त्यामुळे तो टाकला की त्या पोटावरच बसायचा. दर रविवारी दुपारी मी पेणहून एसटीने, विठू जोह्याहून, असे आम्ही रोह्याला ताईच्या घरी जमायचो. मी शिपाईगडी, विठू चोर, आणि दीर म्हणजे उरलेलं सगळं जग.

पुस्तकात लपतछपत जाण्याचे नियम होते, पण ते दिरांना फार पुचाट वाटले. त्यांनी स्वतःचा नियम केला: या खोलीत जे वाजेल ते किल्ल्यात वाजेल. आमचा पापडाचा धंदा; माझ्या कपड्यांना कायम मसाल्याची खकाणी. मी तटावर चढलो आणि शिंकलो, की खाली मशाली पेटल्याच. एकदा विठू आदल्या दिवशी मडक्यात भाजलेल्या वालाच्या शेंगांच्या पोपटीवर आडवा हात मारून आला होता. तो खजिन्याच्या दारापाशी पोचला आणि त्याच्या पोटातून असा काही आवाज निघाला की दीर शांतपणे म्हणाले, "पहारेकरी म्हणतो, वाघ आला. सगळी फौज उठली."

"अरे पण तो मी मुद्दाम काढला काय?" विठू कळवळला.

"पहारेकऱ्याला काय ठाऊक?" दीर म्हणाले.

या न्यायाला अपवाद नव्हता. रिक्षाचा हॉर्न म्हणजे शत्रूचं शिंग, ताईच्या कुकरची शिट्टी म्हणजे इशारा. आणि आतल्या खोलीतून वहिनींचा खोकला आला, तर तोही किल्ल्यात.

वहिनी म्हणजे दिरांची बायको. नागोठण्याच्या. काटकुळ्या, हसऱ्या आणि लहानपणापासून दम्याने बेजार. त्यांचा खोकला आला की विठू कपाळावर हात मारायचा, आणि आतून वहिनीच ओरडायच्या, "मेला काय हो तुमचा चोर?" सगळे हसायचे. मीही हसायचो.

एका रविवारी विठूचा चोर पहारेकऱ्याच्या उशाखालची किल्ली काढत होता. कितीतरी आठवड्यांचा डाव त्या किल्लीवर आला होता. आम्ही श्वास रोखून बसलो होतो. इतक्यात स्वयंपाकघरात भांडं पडलं, आणि पाठोपाठ ताईची किंकाळी आली, "भाऊजी, धावा!"

वहिनी ओट्याला टेकून खाली बसल्या होत्या. पदराचा बोळा तोंडात कोंबलेला, ओठ निळे पडलेले. खोकल्याची उबळ आली होती आणि आवाज बाहेर जाऊ नये म्हणून त्यांनी ती आतल्या आत दाबली होती. दिरांनी त्यांना उचलून रिक्षात घातलं. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, वाफ दिली. तासाभराने त्यांना बोलता आलं. पहिलं वाक्य होतं, "विठूभाऊजी पकडले गेले असते ना."

दिरांचे कान लाल झाले.

पुढच्या रविवारी आम्ही बसायच्या आधी त्यांनी उभं राहून सांगितलं, "नियम बदललाय. माणूस जे आवाज करतो ते मोजायचे. माणसाला जे आवाज होतात, ते नाय मोजायचे." मग आत जाऊन वहिनींना हाताला धरून बाहेर आणलं. "हीपण खेळणार."

"काय होणार वहिनी? वैद्य?" मी विचारलं.

"हेर," वहिनी म्हणाल्या. "जल्मभर माझ्या आधी माझा खोकला दारात पोचलाय. एकदा तरी कुणाला न कळता आत जायचंय."

त्या खेळायला लागल्या आणि किल्ल्याची तब्येत बिघडली. नियमाप्रमाणे खोकला मोजायचा नव्हता, पण नुसतं गप्प बसणं दिरांना जमेना. वहिनी खोकल्या की ते सांगत, "पहारेकऱ्याला वाटलं, आपला जोडीदार खोकतोय." पुढच्या वेळी वानर खोकलं, मग किल्लेदाराची म्हातारी आई, मग एक शेळी. महिन्याभरात अख्खा किल्ला दम्याने धापा टाकू लागला. एकदा तर एक पहारेकरी अंधारात काढ्याचा पेला ठेवून गेला. "कुणासाठी?" विठूने विचारलं. "कुणीतरी आजारी आहे एवढं त्याला कळलं," दीर म्हणाले. वहिनी इतक्या हसल्या की पुन्हा खोकल्या.

त्या थंडीत वहिनी गेल्या. दोन दिवस दवाखान्यात होत्या. दीर उशाशी बसून त्यांचा श्वास ऐकत होते. थांबला ते आधी त्यांनाच कळलं. नर्सला त्यांनीच बोलावलं.

खेळ बंद पडला; वहिनींचा हेर किल्ल्याच्या कोठारात शिरलेला होता, तो तिथेच राहिला. दीर डबल शिफ्ट घेऊ लागले. ताई म्हणायची, घरी आले की रेडिओ मोठ्याने लावतात, कशाचंच त्यांना काही वाटत नाही. उन्हाळा गेला, पावसाळा गेला. गणपतींची कामं आवरल्यावर विठू पेणला माझ्याकडे आला आणि मला सरळ रोह्याच्या एसटीत घालून घेऊन गेला.

"आता कशाला रे?" दीर दारातच म्हणाले.

विठू चप्पल काढून आत जाऊन बसला. खाली बघत म्हणाला, "वहिनी कोठारात हायत अजून. आपण तिथंच सोडलंय त्यांना. बाहेर काढायला नको?"

दीर रेडिओ बंद करून आमच्यासमोर बसले. विठूने फासा पुढे सरकवला. त्यांनी तो बाजूला ठेवला.

"कोठाराचं दार उघडंच होतं," ते म्हणाले. "ती बाहेर आली. पहारेकरी जागे होते. त्यांनी पाहिलं नाय. ऐकलं नाय." त्यांनी घसा साफ केला. "दिंडी दरवाजातून ती खाली उतरली."

एवढ्यावर संपलं असतं. पण ते थांबले नाहीत. करवंदीच्या जाळ्यांतली वाट, खालची नदी, पलीकडची भातशेतं, सारवलेलं अंगण, पडवीत ठेवलेला पाण्याचा तांब्या, सगळं ते सांगत राहिले. विठू डोळे पुसत होता. ताई दारात येऊन उभी राहिली होती. वहिनी घरी पोचून नीट टेकेपर्यंत आम्ही ऐकत राहिलो.