वरचा बांगडा

रत्नागिरीच्या मच्छीमार्केटात हमखास माझ्यापुढे उभ्या असणाऱ्या त्या गृहस्थांचं नाव मला ठाऊक नाही, आणि विचारायची इच्छाही नाही. इस्त्रीचा शर्ट, हातात घडी घातलेली कापडी पिशवी. ते बांगड्याचा वाटा घेतात, मासेवाली मावशी रिवाजाप्रमाणे वर एक जादा बांगडा टाकते, आणि तिथेच यांचं सुरू होतं. दुसरा कोणी खूश होऊन चालू लागला असता. हे पिशवीचं तोंड उघडं धरून आत बघत राहतात.

"मला का दिलास? मी काय गरीब दिसतो? की म्हातारा झालो म्हणून?"

मागे आम्ही घामाघूम, मांजरं पायात घुटमळतायत, आणि यांचं आत्मचिंतन काही आवरत नाही.

परवा मावशीचंही डोकं फिरलं. "अवो, बांगड्याला तुमी कोन ते ठाव नाय. घरी न्या नि गरम गरम खा."

पिशवी छातीशी धरून ते म्हणाले, "खाईन गो. पण चवच लागत नाय. प्रत्येक घासाला मीच आडवा येतो."

मी त्यांना ऐकू जाईल असा सुस्कारा सोडला. एकदाचे ते गेले. मावशीने माझा वाटा पिशवीत घातला, वर काहीच टाकलं नाही, आणि पुढच्या बाईकडे वळली.

दुपारी बायकोने विचारलं, "बांगडे कसे झालेत?"

मी ताटाकडे पाहिलं. नुसते काटे उरले होते, आणि माझं काय खटकलं असेल मावशीला, हे मला अजून सापडलं नव्हतं.